सांडपाण्याची जोडणी : पैसे भरण्याआधी काय विचाराल?

"योजनेला सरकार पैसे देतं ना, मग जोडणीचे पैसे आमच्याकडून कशाला?" पालघर तालुक्यात कुठल्याही गावात गटाराचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. त्याचं थोडक्यात उत्तर असं, की सरकारी पैसा योजना बांधून देतो, ती वर्षानुवर्षं चालवून देत नाही. मात्र तेवढं सांगून मोकळं होणं बरोबर नाही. बांधकामाचा पैसा नेमका किती, तो कुठल्या हिशेबाने येतो, आपल्याकडून मागितलेली रक्कम शुल्क आहे, कर आहे की लोकवर्गणी, आणि योजना चालवायचा खर्च पुढे कोण उचलणार, हे चार हिशेब प्रत्येक घरमालकाने आणि भाडेकरूनेही पैसे भरण्याआधी समजून घ्यायला हवेत. ते सगळं कसं तपासायचं, हे इथे बोईसर-तारापूर पट्टा समोर ठेवून सांगतो.

गाव म्हणावं की शहर?

बोईसरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ३६ हजारांच्या वर होती. त्यानंतर वाढलेल्या इमारती आणि चाळी पाहिल्या तर आजचा आकडा बराच मोठा असणार. जनगणनेच्या दृष्टीने बोईसर हे नगर. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. शेजारच्या सरावली, खैरापाडा, बेटेगाव, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या गावांचीही थोड्याफार फरकाने हीच गत. वस्ती शहरासारखी दाटीची आणि तिजोरी ग्रामपंचायतीची.

निधीच्या बाबतीत या फरकाने सगळं बदलतं. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेली अमृत २.० ही योजना नगरपालिका, महानगरपालिका अशा नागरी संस्थांसाठी आहे. जनगणनेत नगर म्हणून नोंद असली तरी ग्रामपंचायतीला त्या दारातून आत जाता येत नाही. त्यामुळे बोईसरसारख्या ठिकाणी सांडपाण्यासाठी मुख्य दार उरतं ते स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) या योजनेचं. ते दार उघडं असलं तरी अरुंद आहे. किती अरुंद, हे आकड्यांतूनच कळेल.

मिशनच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२० मध्ये मंजुरी दिली. सांडपाणी व्यवस्थापनासाठी त्यात माणशी दर ठरवून दिले आहेत. गावाची लोकसंख्या ५,००० पर्यंत असेल तर माणशी कमाल २८० रुपये आणि ५,००० च्या वर असेल तर माणशी कमाल ६६० रुपये. यातले ३० टक्के ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे आणि ७० टक्के मिशनमधून येणार. मिशनच्या वाट्यात केंद्र आणि राज्य यांचं प्रमाण ६०:४०. शौचालयाच्या टाक्यांतला मैला उपसून त्यावर प्रक्रिया करायला माणशी कमाल २३० रुपयांची वेगळी तरतूद आहे. तिचं नियोजन मात्र गावाऐवजी जिल्हा हा घटक धरून होतं.

आता हिशेब करू. ३,००० वस्तीच्या गावाला २८० च्या दराने ८ लाख ४० हजार मिळू शकतात. त्यातले २ लाख ५२ हजार ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या खात्यातून आणि ५ लाख ८८ हजार मिशनमधून. बोईसरचे ३६ हजार लोक धरले तर ६६० च्या दराने २ कोटी ३८ लाखांच्या आसपास. रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण पाच माणसांच्या कुटुंबामागे ती ३,३०० रुपयेच होते. एवढ्यात प्रत्येक घरासमोरून भूमिगत वाहिनी, दर काही अंतरावर चेंबर, उपसा पंप आणि शेवटी शुद्धीकरण केंद्र होत नाही. म्हणून "मिशनच्या पैशातून पूर्ण गावाची भूमिगत गटारयोजना" असं कुणी सभेत सांगितलं, तर उरलेले पैसे कुठून येणार, हे तिथेच उभं राहून विचारा. हा प्रश्न न विचारल्यामुळे अर्धवट योजना जन्माला येतात. मुख्य रस्त्यावर पाइप पडतो, गल्लीत पडत नाही, आणि पाइपाचं दुसरं टोक नाल्यात सोडून ठेकेदार मोकळा होतो.

एक गोष्ट खास तपासा. तुमचं गाव ५,००० च्या रेषेच्या आत धरलंय की बाहेर? ४,९०० लोकांच्या गावाला १३ लाख ७२ हजार आणि ५,१०० लोकांच्या गावाला ३३ लाख ६६ हजार, इतका हा फरक आहे. प्रस्तावात कुठल्या वर्षाची लोकसंख्या घेतली आणि कुठले पाडे मोजले, हे गट विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लेखी घ्या.

बाकीच्या थैल्या

ग्रामपंचायतीच्या हातात सर्वांत उपयोगी पैसा असतो तो वित्त आयोगाचा. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण संस्थांच्या अनुदानाचे ६० टक्के बंधित होते : निम्मे स्वच्छतेसाठी, निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित. म्हणजे वर्षाला १० लाख आले तर ३ लाख स्वच्छतेचे, ३ लाख पाण्याचे आणि ४ लाख गावाने ठरवायचे. पुष्कळ ग्रामपंचायती सांडपाण्याचं काम फक्त स्वच्छतेच्या हिश्श्यात बसवायचा प्रयत्न करतात आणि पैसे पुरत नाहीत म्हणून सोडून देतात. वापरलेलं पाणी स्वच्छ करून बागेला किंवा शेताला देणारं काम असेल, तर ते पाण्याच्या हिश्श्यातही बसतं. १ एप्रिल २०२६ पासून १६व्या आयोगाचा काळ सुरू होतो. त्यामुळे चालू वर्षाच्या आराखड्यात बंधित-अबंधितची विभागणी कशी धरली आहे, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपण ज्यांना अजून ग्रामसेवक म्हणतो त्यांना, विचारा.

पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे तालुके पूर्ण आणि पालघर, वसई यांतली काही गावं. तुमचं गाव पेसा यादीत असेल तर आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के थेट ग्रामसभेच्या कोशात येतात. २०१५ च्या शासन निर्णयाने ही पद्धत सुरू झाली. आरोग्य आणि स्वच्छता ही त्या पैशाची मान्य कामं आहेत आणि खर्चाचा निर्णय पाड्याची ग्रामसभा घेते. सरपंच एकटा घेत नाही. आदिवासी वस्तीत गटार, शोषखड्डे करायला ठक्कर बाप्पा योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्तीसाठी दलित वस्ती सुधार योजना आहे. मोठ्या ग्रामपंचायतींसाठी जिल्हा नियोजन समितीकडून नागरी सुविधांचा निधी मिळतो. या थैल्या एकाच आराखड्यात एकत्र आणता येतात, तशी मुभा आहे. फक्त प्रत्येक थैलीतून कुठला तुकडा होणार हे आधी कागदावर यायला हवं. तसं झालं नाही तर एकाच गटारावर दोन योजनांच्या पाट्या लागतात आणि शेजारच्या गल्लीत काहीच होत नाही.

तारापूर औद्योगिक क्षेत्रामुळे इथे आणखी एक वाट आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. स्वच्छता त्या यादीत आहे आणि कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. पण कंपन्यांकडे प्रस्ताव नेताना नुसता "गटार बांधून द्या" असा अर्ज नेऊ नका. गावात मैला उपसणारा टँकर नसेल तर तो मागा, पंप मागा आणि सोबत पाच वर्षं तो चालवण्याचा करार मागा. एकदा पैसे देऊन फोटो काढून गेलेल्या मदतीचं पुढे काय होतं, हे या भागातल्या लोकांना मी सांगायला नको.

इथली जमीन काय मानते?

पैशाच्या आधी जमिनीचं बोलायला हवं होतं, खरं तर. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली आणि तो नांदेड पॅटर्न राज्यभर गाजला. खर्च कमी, काम रोजगार हमीत बसणारं, जोडणी शुल्काचा प्रश्नच नाही. ज्या गावाला जमतं त्याने हेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जव्हार-मोखाड्याच्या उतारावर, पाडे विखुरलेले असताना, पाइप टाकत बसण्यापेक्षा परसातला शोषखड्डा आणि त्याच्या पाण्यावर दोन केळी हे कधीही सरस. तिथे फक्त खडक किती खोलीवर लागतो ते पाहायचं.

किनाऱ्यावर गोष्ट वेगळी आहे. चिंचणी, तारापूर, नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटी या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी वर असतं. पावसाळ्यात तर ते हाताला लागतं. जुलैत शोषखड्डा पाणी शोषत नाही. उलट खालचं पाणी खड्ड्यात येतं. साधी परीक्षा करा : ऑगस्टमध्ये जवळच्या विहिरीतलं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजा. खड्ड्याचा तळ आणि ती पातळी यांत निदान दोन मीटरचं अंतर राहत नसेल, तर तिथे शोषखड्ड्याचा आग्रह धरू नका. पिण्याच्या विहिरीपासूनही खड्डा पंधरा मीटर तरी लांब हवा.

बोईसरच्या दाट वस्तीत खरी अडचण शौचालयाच्या टाकीची आहे. बारा-पंधरा खोल्यांच्या चाळीला एक टाकी, तिचा तळ कच्चा, तिच्यावर चार झाकणं आणि त्यातलं एक फरशीखाली गाडलेलं. टाकी भरली की वरचं पाणी थेट गटारात जातं आणि आपण त्याला "सांडपाणी" म्हणतो. ते सांडपाणी नसतं, तो मैलाच असतो. म्हणून माझ्या मते बोईसर आणि आसपासच्या गावांनी कामाचा क्रम असा ठेवावा : आधी टाक्यांची नोंद आणि ठरावीक काळाने उपसा, मग बंद गटार, मग गटाराच्या शेवटी स्थिरीकरण तळं (जंतूंकडून पाणी साफ करून घेणारं तळं) किंवा लहान प्रक्रिया केंद्र. भूमिगत योजनेचं स्वप्न सोडा असं मी म्हणत नाही. पण मैला टाकीतच थांबला तर गटारातून वाहणारं पाणी स्वच्छ करायला फार कमी खर्च येतो आणि माणशी ६६० रुपयांत काहीतरी खरोखर उभं राहू शकतं.

तुमची टाकी उपसायला आली आहे का, हे घरीच पाहता येतं. लांब बांबूच्या टोकाला पांढरं फडकं घट्ट गुंडाळा. झाकण उघडून थोडा वेळ वायू जाऊ द्या. जवळ विडी-काडी नको, आणि वाकून आत डोकावू नका. बांबू सरळ तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं धरा आणि हळूच वर काढा. फडक्यावर जिथपर्यंत काळा गाळ चिकटलाय ती गाळाची उंची. टाकीतल्या पाण्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशापर्यंत गाळ आला असेल तर टँकर बोलवा. साधारण दोन ते तीन वर्षांत ही वेळ येते. टाकीत माणूस मात्र उतरवायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षण साधनांशिवाय अशी सफाई करून घेणं हा गुन्हा आहे. गटारात किंवा टाकीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सांगितलं आहे. दोन हजार रुपये वाचवायला नाक्यावरून दोन मजूर आणणाऱ्या चाळमालकाला हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं, आणि ते भाडेकरूंनी सांगितलं तरी चालेल.

जोडणी शुल्क : कशाचं, किती?

ग्रामपंचायत तुमच्याकडे पैसे मागते तेव्हा ते चार प्रकारचे असू शकतात. घरापासून चेंबरपर्यंतचा पाइप आणि मजुरी हा तुमचा स्वतःचा खर्च. रस्ता खोदून पुन्हा बुजवणं, जोडणी तपासणं यासाठी एकदाच घेतात ते जोडणी शुल्क. योजनेच्या भांडवलात गावाचा वाटा म्हणून गोळा होते ती लोकवर्गणी. आणि दरवर्षी घरपट्टीच्या बिलात लागतो तो आरोग्य कर किंवा सफाईची फी. तोंडी बोलताना या सगळ्याला "गटाराचे पैसे" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. पावतीवर कुठलं नाव लिहिलंय ते वाचा. कर आणि फी यांची पावती नमुना १० मध्ये मिळाली पाहिजे आणि कराची मागणी नमुना ९ च्या नोंदवहीत चढलेली असली पाहिजे. कोऱ्या कागदावरची, शिक्का मारलेली चिठ्ठी म्हणजे पावती नव्हे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायत कुठले कर आणि फी घेऊ शकते याची यादी आहे. सार्वजनिक स्वच्छतेसाठी उपकर, पंचायतीकडून साफ होणाऱ्या खासगी संडासांसाठी विशेष उपकर, मैल्याची टाकी साफ करण्याची फी, हे सगळं त्यात आहे. दर ठरवायची पद्धत १९६० च्या कर व फी नियमांत आहे : आधी ठराव, मग हरकती मागवणारी नोटीस, हरकतींवर विचार आणि नंतरच आकारणी. ठराव दाखवा म्हटल्यावर टाळाटाळ झाली तर समजा की मागणीचा पाया कच्चा आहे. आकारणी चुकीची वाटली तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. त्याला मुदत असते, म्हणून बिल हातात पडताच हालचाल करा. वर्ष संपायची वाट पाहू नका.

किती शुल्क योग्य? जोडणी शुल्कातून योजनेचं भांडवल वसूल करू नये, असं मी ठामपणे म्हणतो. भांडवल सरकारने माणशी दराने दिलेलं असतं, तुमची डोकी त्यात मोजलेली असतात. मग तेच पुन्हा घराघरातून घ्यायचं कारण नाही. जोडणीला रस्ता खोदाई आणि तपासणी यांचा जेवढा खरा खर्च येतो तेवढंच घ्यावं. गावात नळजोडणीला जे शुल्क आहे त्याच्या वर ते जाऊ नये. ज्यांना एकरकमी जमत नाही त्यांना घरपट्टीसोबत दोन-तीन हप्त्यांत द्यावं. जास्त शुल्क ठेवलं की नेमकी गरीब घरं जोडणी घेत नाहीत, त्यांचं पाणी रस्त्यावरच राहतं आणि ज्यांनी पैसे भरले त्यांच्या दारातूनही तेच वाहतं. म्हणून कमी शुल्क हा गरिबांवरचा उपकार समजू नका. गल्लीतलं शेवटचं घर जोडलं गेलं तरच पहिल्या घराच्या पैशाचा उपयोग होतो.

चाळीचं काय? माझी सूचना अशी : जोडणी शुल्क मालमत्तेमागे एकदाच, मालकाकडून. वार्षिक रक्कम मात्र खोल्यांच्या संख्येवर, कारण टाकी खोल्यांनी भरते. मालक ती भाड्यात लावणार हे उघड आहे. तेव्हा ठरावातच खोलीमागे रक्कम लिहून घ्या आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. म्हणजे महिना पन्नास रुपयांचे दोनशे होणार नाहीत. बोईसरमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार कुटुंबाने राहतात. त्यांच्यासाठी ती सूचना हिंदीतही लावावी.

खर्चाची वाटणी कशी करावी याची दोन बाहेरची उदाहरणं इथे कामाची आहेत. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी सुरू केलेल्या कामात घरातला संडास आणि गल्लीतली वाहिनी रहिवाशांनी स्वतः पैसे काढून, स्वतः देखरेख करून केली. मोठी वाहिनी आणि शुद्धीकरण सरकारच्या वाट्याला ठेवलं. गल्लीतले वीस-तीस शेजारी एकत्र आले की ठेकेदाराचा नफा वाचतो आणि पाइपाचा उतार कुणी ना कुणी रोज पाहतो. ब्राझीलची राजधानी ब्राझिलियामध्ये लोकांना निवड दिली होती : वाहिनी घरामागच्या परसातून न्यायची की समोरच्या फुटपाथखालून. परसातून नेली तर लांबी आणि खोदाई कमी, म्हणून जोडणी स्वस्त. मात्र ती तुंबली तर साफ करणं त्या घरांकडे. आपल्या वाडी-पाड्यांत घरांच्या पाठीमागे जागा असते आणि रस्ता खोदणं महाग पडतं. तिथे हा विचार अभियंत्यासमोर जरूर मांडा.

पाइप पडत असताना एकदा तरी जाऊन उभे राहा. घराच्या चार इंची पाइपाला साठ फूट लांबीत साधारण एक फूट उतार हवा. पाण्याची नळी घेऊन गवंडी हे पाच मिनिटांत दाखवतो. मोरीच्या पाण्याआधी जाळी आणि लहान गाळ-चेंबर आहे ना, पावसाचं पन्हाळीचं पाणी त्याच पाइपात सोडलेलं नाही ना, एवढं पाहा. जुलैत पहिल्याच सरीला चेंबरची झाकणं उडतात ती पन्हाळीच्या पाण्यामुळे.

चालवायचा खर्च

समजा, ६०० घरांची योजना आहे. एका कामगाराचा पगार, पंपाची वीज आणि दुरुस्ती मिळून महिन्याला १८ हजार लागतात. सगळ्यांनी भरलं तर घरामागे ३० रुपये. चारशेच घरांनी भरलं तर ४५. अडीचशेवर आलं तर ७२, आणि मग तेही भरायचं बंद करतात. योजना इथे मरते, बांधकामात नाही. म्हणून जोडणी देण्याच्या ठरावातच वार्षिक दर, तो कुठल्या खात्यात जमा होणार आणि त्या खात्याचा हिशेब दर ग्रामसभेत वाचला जाणार, ही तीन वाक्यं असावीत. खातं वेगळं ठेवा. घरपट्टीच्या सामान्य खात्यात मिसळलेला पैसा पंपासाठी शोधून सापडत नाही.

टाक्या उपसण्याच्या बाबतीत सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिकच्या सिन्नरने चांगली वाट घालून दिली आहे. वाईची वस्ती बोईसरच्या जनगणनेतल्या आकड्याच्याच जवळपास. तिथे टाकी तुंबल्यावर टँकर शोधत बसायचं नाही. शहराचे भाग पाडून दर तीन वर्षांत प्रत्येक घराची टाकी क्रमाने उपसली जाते आणि गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. दारात आलेल्या टँकरला रोख द्यावे लागत नाहीत. पैसे कराच्या रूपाने थोडे थोडे भरलेले असतात. एका खेपेचे समजा २,४०० रुपये धरले, तर तीन वर्षांत ते महिना ६७ रुपयांच्या आत बसतात. वाई नगरपरिषद आहे आणि बोईसर ग्रामपंचायत, हा फरक आहेच. पण आसपासच्या पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून एक टँकर आणि एक केंद्र चालवायला कायद्याची आडकाठी नाही. जिल्ह्यासाठी असलेली माणशी २३० रुपयांची तरतूद अशाच कामासाठी आहे. केंद्र नसताना टँकर कुठे रिकामा होतो हे टँकरवाल्याला विचारा. उत्तर "नाल्यात" किंवा "खाडीत" असेल तर आपण पैसे देऊन मैल्याची जागा फक्त बदलली.

कारखान्याचं पाणी वेगळं

तारापूरमध्ये उद्योगांच्या सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र आहे आणि त्यातून निघणारं पाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात सोडलं जातं. खाडी आणि मासेमारीचं झालेलं नुकसान घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये हे प्रक्रिया केंद्र आणि शंभराहून जास्त कारखाने यांना भरपाई भरायला लावणारा आदेश दिला. तो लढा मोठा आहे आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी तो फार चिकाटीने चालवला. गावाच्या योजनेपुरतं एवढंच ध्यानात ठेवा : गाळ्यांमधल्या छोट्या युनिटचं, धुलाईचं, रंगाचं, आम्लाचं पाणी गावाच्या गटारात अजिबात घेऊ नका. स्थिरीकरण तळ्यातले जंतू त्याने मरतात आणि तळं नुसतं सडकं डबकं होतं. शिवाय माणशी दराने आलेला पैसा घरगुती पाण्याचा आहे, त्यावर कारखान्याचा भार टाकणं अन्याय आहे. रात्री गटाराला रंग किंवा उग्र वास आला तर वेळ लिहून, फोटो काढून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावा.

अर्ज कसा लिहाल?

पुढच्या वर्षाचा "आमचं गाव, आमचा विकास" आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकाराला येतो. त्यात न आलेलं काम वर्षभर मागे पडतं. त्याआधी, १५ ऑगस्टच्या सुमारास, सरपंचांच्या नावे अर्ज द्या. अर्जात चार गोष्टी मागा : आपल्या गावाच्या सांडपाणी प्रस्तावाची प्रत आणि त्यात धरलेली लोकसंख्या, कुठल्या योजनेतून किती रक्कम मंजूर झाली आणि किती खर्च झाली, जोडणी शुल्क व वार्षिक दराचा ठराव क्रमांक आणि तारीख, आणि प्रक्रिया झालेलं पाणी शेवटी कुठे सोडणार त्या जागेचा गट क्रमांक. शेवटची मागणी वगळू नका. बोईसरसारख्या ठिकाणी जमीन मिळत नाही म्हणूनच सगळी योजना अडते, आणि जागा न ठरवता पाइप टाकायला घेतलेल्या कामाचं पाणी कुणाच्या तरी शेतात किंवा खाडीतच जातं.

वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून कुणालाही पाहता येतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. तिथे दाखवलेलं गटार गावात प्रत्यक्ष आहे का, हे दुसऱ्या दिवशी चालत जाऊन पाहता येईल. अर्जाची पोच सही-शिक्क्यानिशी घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर तोच मजकूर माहिती अधिकाराच्या अर्जावर उतरवा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला त्याची फी पडत नाही. विषय ग्रामसभेत चर्चेला आला की ठराव वाचून दाखवायला सांगा, शुल्काचा आकडा अक्षरी लिहिलाय ना ते पाहा, आणि मगच हात वर करा.